डिस्प्ले रिफ्रेश झाला की वजन नाचतं: ग्राउंड कापलेल्या एका बोर्डाची केस

बोर्ड वजनकाट्याच्या इंडिकेटरचा. चार लेयरचा, साधारण १०० बाय ८० मिमी. डावीकडे मायक्रोकंट्रोलर आणि पॉवर सप्लाय, उजवीकडे खालच्या बाजूला लोडसेलचा (वजनाचं व्होल्टेज करणाऱ्या सेन्सरचा) कनेक्टर आणि २४ बिटचा एडीसी (त्या व्होल्टेजचा आकडा करणारी चिप), आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात टीएफटी डिस्प्लेचा फ्लॅट केबलचा कनेक्टर. डिस्प्ले तिकडे का, तर डब्याचं डिझाइन आधी फायनल झालं होतं आणि खिडकी तिथेच होती. डिस्प्ले एसपीआयवर (चिपांमध्ये डेटा नेणाऱ्या मोजक्या लाइन), क्लॉक, म्हणजे त्या डेटाला ताल देणारी लाइन, ४० मेगाहर्ट्झ.

तक्रारी दोन होत्या आणि टीमच्या डोक्यात त्या दोन वेगवेगळ्या तक्रारी होत्या. एक म्हणजे डिस्प्ले रिफ्रेश होत असला की वजनाचे शेवटचे दोन-तीन आकडे नाचायचे, रिफ्रेश थांबवला की एकदम शांत. दुसरी म्हणजे रेडिएटेड एमिशनच्या (बोर्ड हवेत किती रेडिओ लहरी सोडतो त्या) टेस्टला बोर्ड नापास, १२० मेगाहर्ट्झला मर्यादेच्या ९ डीबी वर आणि २०० ला ७ डीबी वर. १२० म्हणजे ४० चा तिसरा हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सी) आणि २०० म्हणजे पाचवा, त्यामुळे चोर कोण ते सगळ्यांनाच माहीत होतं, डिस्प्लेचा क्लॉक. पण तो बाहेर पडतोय कुठून, इथे घोडं अडलं होतं. पहिली तक्रार फर्मवेअरवाल्याकडे गेलेली (तो बिचारा फिल्टर लावत बसला होता) आणि दुसरी मेकॅनिकलवाल्याकडे, की डब्याला आतून शिल्डिंग करता येईल का.

माझ्याकडे आलं तोपर्यंत नेहमीचे सगळे उपाय करून झाले होते. लोडसेलच्या केबलला फेराइटचा क्लॅम्प (केबलवरचा वेगवान करंट अडवणारा मणी), अ‍ॅडॉप्टरच्या वायरला अजून एक, मायक्रोकंट्रोलरभोवती आणखी डीकपलिंग कॅपॅसिटर (सप्लाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये बसणारे), डिस्प्लेच्या मागे तांब्याची टेप. क्लॅम्पने दोन-चार डीबी मिळाले, बाकी काही नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

स्कीमॅटिक (सर्किटचं चित्र) बघितलं तर चुकीचं काहीच सापडत नाही, आणि खरी गोम इथेच आहे. स्कीमॅटिकमध्ये क्लॉकची लाइन मायक्रोकंट्रोलरपासून डिस्प्लेपर्यंत काढलेली असते, पण तो करंट परत कुठून येतो ते कुणीच काढत नाही, जिथे तिथे ग्राउंडचं (करंट परत येतो त्या शून्य व्होल्टच्या तांब्याचं) चिन्ह टाकलं की विषय संपला. पण करंट जेवढा जातो तेवढाच परत येतो, त्याला पर्याय नाही. म्हणजे बोर्डवर क्लॉकच्या ट्रेसला (तांब्याच्या रेघेला) एक जुळा भाऊ आहे जो कागदावर कुठेच नाही, आणि या बोर्डवर सगळा घोळ त्या भावाने घातला होता.

मग गर्बर फाइल (प्रत्येक लेयरचं तांबं दाखवणाऱ्या) उघडल्या. पहिला लेयर सिग्नल, दुसरा ग्राउंड, तिसरा पॉवर, चौथा सिग्नल. पहिल्या आणि दुसऱ्यात ०.२ मिमी अंतर, मधला कोअर १.२ मिमीच्या आसपास. इथपर्यंत ठीक. दुसरा लेयर एकटाच चालू ठेवून बाकी सगळे बंद केले तर ग्राउंड मधोमध उभं कापलेलं. वरच्या कडेपासून खाली जोडापर्यंत जवळजवळ ६० मिमी, दीड मिमी रुंदीचा स्लॉट, डावं ते डिजिटल ग्राउंड, उजवं ते अ‍ॅनालॉग ग्राउंड, आणि दोन्ही एकाच ठिकाणी जोडलेली, खाली एडीसीच्या शेजारी, ३ मिमी रुंदीच्या ब्रिजने. डिस्प्लेचे ट्रेस मात्र पहिल्या लेयरवरून सरळ आडवे जातात आणि हा स्लॉट ओलांडतात, ब्रिजपासून साधारण ४० मिमी वर.

हे असं का केलं विचारलं तर उत्तर तेच जे सगळीकडे मिळतं, एडीसीच्या डेटाशीटमध्ये लिहिलंय की अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड एका बिंदूवर जोडा. आणि वर, ग्राउंड तर एकच आहे ना, मल्टिमीटर लावला की बीप येतो.

बीप येतो हे खरंच आहे, पण मल्टिमीटर डीसीवर मोजतो. डीसीला आणि अगदी हळू बदलणाऱ्या करंटला फक्त रेझिस्टन्स दिसतो, त्यामुळे तो प्लेनवर (लेयरभर पसरलेल्या तांब्यावर) ऐसपैस पसरून सगळ्यात कमी रेझिस्टन्सच्या वाटांनी परत येतो. फ्रिक्वेन्सी वाढली की इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) वरचढ होतो आणि मग करंट सगळ्यात कमी इंडक्टन्सची वाट धरतो, आणि प्लेनवर ती वाट म्हणजे ट्रेसच्या बरोब्बर खालची पट्टी, ट्रेस वळला तर तीही वळते, ट्रेसने नागमोडी वळणं घेतली तर रिटर्नही नागमोडी. कारण असं की जाणारा आणि येणारा करंट जितके जवळ तितकी त्यांची मॅग्नेटिक फील्ड एकमेकांना मारतात आणि लूपमध्ये साठणारी एनर्जी तितकी कमी. यावर एक जुना साधा प्रयोग आहे. कोअ‍ॅक्स केबल यू आकारात वाकवायची, दोन्ही टोकांची शिल्ड जाड तांब्याच्या पट्टीने थेट जोडायची, आणि आतल्या कंडक्टरमधून करंट सोडून फ्रिक्वेन्सी वाढवत जायची. सुरुवातीला रिटर्न आखूड पट्टीतून येतो, आणि काही किलोहर्ट्झ ओलांडले की पट्टी समोर असतानासुद्धा तो लांबचा वळसा घेऊन शिल्डमधून यायला लागतो, कारण शिल्ड आतल्या कंडक्टरला चिकटून आहे. म्हणजे हे फक्त गिगाहर्ट्झवाल्यांचं दुखणं नाही, किलोहर्ट्झमध्येच सुरू होतं.

आणि किती घट्ट चिकटतो तेही बघा, कारण टीमची सगळी भीती यावरच होती. ट्रेस प्लेनपासून जितक्या उंचीवर आहे ती उंची धरा, इथे ०.२ मिमी. ट्रेसच्या दोन्ही बाजूंना एक-एक उंची, म्हणजे ०.२ मिमीच्या आत, निम्मा रिटर्न करंट असतो. तीन उंचीच्या आत, म्हणजे ०.६ मिमी, जवळपास ८० टक्के. दहा उंचीच्या आत, म्हणजे २ मिमी, सुमारे ९४ टक्के. त्यामुळे डिजिटलचा कचरा प्लेनवरून भटकत भटकत एडीसीपर्यंत जाईल म्हणून मध्ये स्लॉट कापायचा, हा विचार ४० मेगाहर्ट्झच्या क्लॉकला लागूच पडत नाही. सलग प्लेन ठेवलं असतं तर तो आपल्या ट्रेसखालून गेला असता आणि एडीसी तिथून चार सेंटिमीटर लांब निवांत बसला असता.

आता स्लॉटपाशी काय होतं. एजचा, म्हणजे क्लॉक खालून वर जातो त्या उडीचा, राइज टाइम साधारण १ नॅनोसेकंद. एफआर४ (नेहमीच्या फायबरग्लासच्या) बोर्डवर वरच्या लेयरच्या ट्रेसमध्ये सिग्नल नॅनोसेकंदाला १६-१७ सेमी धावतो. म्हणजे एज स्लॉटच्या कडेला पोचते तेव्हा तिला ४० मिमी खाली ब्रिज आहे हे ठाऊकसुद्धा नसतं. लोकांच्या डोक्यात चित्र असं असतं की सिग्नल आधी डिस्प्लेपर्यंत पोचतो आणि मग रिटर्न निघतो (पाण्याच्या पाइपची उपमा शिकवतात ना, तिने हे नुकसान केलंय), पण रिटर्न एजच्या सोबतच धावत असतो, ट्रेस आणि प्लेन यांच्यातल्या कपॅसिटन्समधून. स्लॉटच्या कडेला खालचं तांबं संपतं, वरचा ट्रेस पुढे गेलेला, आणि रिटर्नला जागाच नाही. मग तो मिळेल तिकडे घुसतो. थोडा स्लॉटच्या कपॅसिटन्समधून पलीकडे उडी मारतो, थोडा खाली पॉवर प्लेनवर जातो, आणि बाकीचा स्लॉटच्या डाव्या कडेने ब्रिजपर्यंत खाली जातो आणि उजव्या कडेने वर येतो.

हे कडेने जाणं महत्त्वाचं आहे. बऱ्याच चित्रांमध्ये हा वळसा मोठ्ठ्या त्रिकोणासारखा काढतात, तसा तो नसतो. उतरणारा आणि चढणारा करंटसुद्धा एकमेकांच्या जवळच राहायला बघतात, म्हणून दोघं स्लॉटच्या कडांना चिकटून जातात आणि आख्खा स्लॉट एका अँटेनासारखा चालतो.

ब्रिजपर्यंतच्या या वळशाचा जास्तीचा इंडक्टन्स ढोबळ हिशेबाने ४० नॅनोहेन्री निघतो (४० मिमीचा वळसा, ०.२ मिमीचा ट्रेस). १२० मेगाहर्ट्झला हे झाले ३० ओहम, २०० ला ५० ओहम. ५० ओहमच्या ट्रेसच्या मधोमध कुणीतरी अजून ३० ओहमचं काहीतरी घुसडून ठेवलंय, आणि तेही ग्राउंडमध्ये, जिथे आपण शून्य धरून चाललोय. दुसऱ्या अंगाने हिशेब करा, एजला २० मिलिअँप करंट १ नॅनोसेकंदात बदलला तर ४० नॅनोहेन्रीवर ०.८ व्होल्ट पडतात. कपॅसिटन्समधून जाणारा वाटा धरला तर खरा आकडा याहून कमी येईल, पण अर्धा धरला तरी डाव्या ग्राउंडमध्ये आणि उजव्या ग्राउंडमध्ये प्रत्येक एजला ४०० मिलिव्होल्टचा झटका.

आता जोडून बघा. डाव्या ग्राउंडला अ‍ॅडॉप्टरची केबल, उजव्या ग्राउंडला लोडसेलची शिल्डवाली केबल. दोन लांब वायरी आणि मधोमध एक व्होल्टेज सोर्स. हा डायपोल अँटेना आहे, दुसरं काही नाही! आणि असल्या अँटेनाला करंट किती लागतो टेस्टला नापास व्हायला, तर ५० मेगाहर्ट्झला १ मीटर केबलवर ५ मायक्रोअँप कॉमन मोड करंट (आख्ख्या केबलमधून एकाच दिशेने जाणारा) असला तरी ३ मीटरवर १०० मायक्रोव्होल्ट पर मीटर भरतात, आणि सीआयएसपीआर ३२ च्या (एमिशनचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) क्लास बीची मर्यादा २३० मेगाहर्ट्झपर्यंत नेमकी तेवढीच, ४० डीबी मायक्रोव्होल्ट पर मीटर. ट्रेसमध्ये २० मिलिअँप आणि नापास व्हायला ५ मायक्रोअँप पुरे, म्हणजे चार हजारातला एक भाग केबलवर निसटला तरी खेळ खल्लास. क्लॅम्पने दोन-चार डीबीच का मिळाले तेही इथे कळतं, अँटेनाच्या दांडीवर मणी ओवून मधला सोर्स जात नाही.

हे सगळं कागदावर झालं. बेंचवर बघायला चेंबर (टेस्टची बंदिस्त खोली) लागत नाही, नियर फील्डचा छोटा लूप प्रोब आणि स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर पुरतो. अ‍ॅनालायझर १२० मेगाहर्ट्झवर ठेवला, स्पॅन लहान केला आणि प्रोब क्लॉकच्या ट्रेसवरून फिरवला. डावीकडे जिथे खाली सलग प्लेन आहे तिथे रीडिंग बेताचं. स्लॉटवर आलो की उडी. मग ट्रेस सोडून दिला आणि प्रोब स्लॉटवरून खाली खाली सरकवला, जिथे पहिल्या लेयरवर एकही सिग्नल नाही, नुसता हिरवा मास्क दिसतोय, आणि तरी रीडिंग पडायचं नाव घेईना. ब्रिजवर, एडीसीच्या शेजारी, तर पुन्हा चढलं. टीममधला एकजण म्हणाला इथे तर काहीच नाहीये. बरोबर आहे, स्कीमॅटिकप्रमाणे तिथे काहीच नाहीये.

आणि पहिल्या तक्रारीचं उत्तरही तिथेच पडलेलं होतं. एडीसीला वाचवायला स्लॉट कापला, ब्रिज एडीसीपाशी ठेवला, त्यामुळे डिस्प्लेचा सगळा रिटर्न, जो वरच्या वर निघून गेला असता, तो मुद्दाम वळवून एडीसीच्या दारात आणून सोडला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

इथे एक प्रश्न आला आणि तो चांगला होता, की एडीसी सेकंदाला १० सॅम्पल घेतो, त्याच्या आत डिजिटल फिल्टर आहे, त्याला ४० मेगाहर्ट्झचं काय पडलंय? पडलंय असं की फिल्टर नंतर येतो, आधी येतो इनपुटचा अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्या ट्रान्झिस्टरवर एवढा वेगवान सिग्नल आदळला की तो त्याला रेक्टिफाय करतो (एकाच दिशेचा करतो) आणि त्यातून एक छोटा डीसी ऑफसेट तयार होतो. रिफ्रेश चालू झाला की ऑफसेट येतो, थांबला की जातो, आणि हा चालू-बंदचा खेळ इतका हळू असतो की डिजिटल फिल्टर त्याला वजनच समजतो.

शिवाय एक हळू चालणारा चोर वेगळाच होता. डिस्प्लेच्या बॅकलाइटचा ८० मिलिअँप करंट, पीडब्ल्यूएमवर (सतत चालू-बंद करून), त्याचा रिटर्नही त्याच ब्रिजमधून, कारण डिस्प्लेचा ग्राउंड पिन उजव्या भागात आणि सप्लाय डावीकडे. ३५ मायक्रॉन तांब्याच्या प्लेनचा रेझिस्टन्स प्रत्येक चौकोनाला अर्धा मिलिओहम. ब्रिज ३ मिमी रुंद आणि आजूबाजूला करंट आकसतो तो भाग मिळून ६ मिमी लांब धरला तर दोन चौकोन, १ मिलिओहम, म्हणजे ८० मायक्रोव्होल्ट. ऐकायला काहीच नाही. पण लोडसेल २ मिलिव्होल्ट पर व्होल्टचा, एक्सायटेशन (त्याला दिलेलं व्होल्टेज) ५ व्होल्ट, म्हणजे पूर्ण वजनाला १० मिलिव्होल्ट, आणि काट्याचे डिव्हिजन (आकड्याच्या पायऱ्या) १०,०००, म्हणजे एका डिव्हिजनला १ मायक्रोव्होल्ट. ८० मायक्रोव्होल्ट म्हणजे ८० डिव्हिजन! इनपुट डिफरेन्शियल असल्यामुळे यातलं बहुतेक कटून जातं, पण पन्नासावा हिस्सा जरी आत आला तरी आकडा हलणार. वेगळं करून बघायला बॅकलाइट १०० टक्क्यांवर ठेवला, करंट स्थिर झाला, नाचणं थोडं कमी झालं पण थांबलं नाही. मग बॅकलाइट तसाच ठेवून एसपीआय थांबवला, तेव्हा आकडा गप्प. म्हणजे दोघंही होते, मोठा वाटा क्लॉकचा.

खात्री करायची तर स्लॉट बुजवून बघायला हवा, पण तो दुसऱ्या लेयरवर, आतमध्ये, मास्क खरवडून हाताला लागत नाही. नशिबाने क्लॉकच्या ट्रेसजवळ स्लॉटच्या दोन्ही बाजूंना कॅपॅसिटरचे ग्राउंड वाया (लेयर एकमेकांना जोडणारी तांब्याची भोकं) होते. त्यांच्यावरचा मास्क खरवडला आणि तांब्याची रुंद आखूड पट्टी, खाली कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी) लावून, ट्रेसच्या डोक्यावरून या वायापासून त्या वायापर्यंत सोल्डर केली. पट्टी आखूड आणि रुंदच पाहिजे, इथे जंपर वायर लावली की तिचाच इंडक्टन्स आडवा येतो. लोडसेलच्या केबलवर आरएफ करंट क्लॅम्प लावून आधी आणि नंतर बघितलं तर १२० चा पीक धाडकन खाली आला, आणि वजनाचा नाचही कमी झाला. एकाच पट्टीने दोन्ही तक्रारी हलल्या हे बघितल्यावर मग त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत असं कुणी म्हणालं नाही.

मध्येच एक सूचना आली होती ती सांगतो कारण ती जिकडेतिकडे दिसते, ब्रिजच्या जागी फेराइट बीड लावूया, म्हणजे डिजिटलचा नॉइज अ‍ॅनालॉगमध्ये जाणार नाही. स्लॉटवरून ट्रेस जात असताना असं करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. रिटर्नला होती नव्हती ती एक वाट, तिथेही इम्पिडन्स (अडथळा) वाढवायचा, मग दोन ग्राउंडमधलं व्होल्टेज वाढणार आणि अँटेना अजून जोरात वाजणार. ग्राउंडमध्ये बीड लावायचा सल्ला कुणी दिला तर आधी विचारावं की त्यावरून कुठले सिग्नल जातात आणि त्यांचा रिटर्न कुठून येणार.

२०० चा पीक मात्र पट्टी लावल्यावर उतरला तरी मर्यादेच्या वरच रेंगाळत होता. त्याचं कारण वेगळं निघालं. डिस्प्लेच्या लाइनपैकी क्लॉक आणि अजून दोन लाइन मध्येच वायाने पहिल्या लेयरवरून चौथ्यावर जात होत्या, कारण वाटेत बटणांच्या ट्रेसचा जुडगा आडवा होता. पहिल्या लेयरवर असताना रिटर्न ग्राउंड प्लेनवर, चौथ्यावर गेल्यावर जवळचं प्लेन म्हणजे तिसरा लेयर, आणि ते पॉवरचं. सिग्नलला वाया आहे, रिटर्नने ग्राउंडवरून पॉवरवर कसं जायचं? मल्टिमीटरने बघितलं तर ही दोन प्लेनं जोडलेलीच नाहीत, ती फक्त कॅपॅसिटरमधून जोडली जातात. दोन प्लेनमधला स्वतःचा कपॅसिटन्स १.२ मिमी अंतरामुळे आख्ख्या बोर्डाचा मिळून जेमतेम २५० पिकोफॅरड, आणि जवळातला जवळ डीकपलिंग कॅपॅसिटर तीन सेंटिमीटरवर. म्हणजे हाही वळसाच, फक्त उभ्या दिशेने. त्यात तिसऱ्या लेयरवर ३.३ व्होल्ट आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये अजून एक फट, आणि चौथ्या लेयरवरचे ट्रेस तिच्यावरून गेलेले. स्लॉट काय फक्त ग्राउंडमध्येच असतो असं नाही, ट्रेसला जे प्लेन जवळ ते त्याचं रिटर्न, मग त्याचं नाव काहीही असो.

एक गोष्ट इथे बऱ्याच जणांना पटत नाही, की ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर २०० मेगाहर्ट्झला काय कामाचा, त्याचा सेल्फ रेझोनन्स (ज्याच्या पुढे तो कॅपॅसिटरसारखा वागत नाही ती फ्रिक्वेन्सी) तर १६ मेगाहर्ट्झला संपला (बसवणीसकट १ नॅनोहेन्री धरला तर तेवढाच येतो). संपला म्हणजे तो नाहीसा झाला नाही, तो आता १ नॅनोहेन्रीचा इंडक्टर आहे, आणि २०० ला त्याचे सव्वा ओहम होतात. ५० ओहमच्या वळशापुढे सव्वा ओहम म्हणजे रस्ताच मोकळा. फक्त तो वायाच्या शेजारी पाहिजे, तीन सेंटिमीटरवर असून उपयोग नाही.

तर नवीन बोर्डमध्ये काय बदललं. पहिलं म्हणजे स्लॉट गेला, दुसरा लेयर पूर्ण सलग. विभागणी ठेवली पण जागेने, तांबं कापून नाही. एडीसी आणि लोडसेल खाली उजवीकडे तसेच, डिजिटल डावीकडे, आणि डिस्प्लेच्या लाइन वरच्या पट्ट्यातून सरळ कनेक्टरला. बॅकलाइटचा ड्रायव्हर डिस्प्लेच्या कनेक्टरजवळ नेला आणि त्याचा सप्लाय वरच्या डाव्या कोपऱ्यात, हे मुद्दाम, कारण हळू चालणारा करंट ट्रेसखाली चिकटत नाही, तो पसरतो, त्याला प्लेसमेंटनेच आवरावं लागतं. यावर टीमशी बराच वाद झाला, डेटाशीटमध्ये लिहिलंय त्याचं काय म्हणून. माझं मत असं की डेटाशीटवाला त्याच्या एका चिपपुरतं सांगतो, त्या दोन पिनांमधला फरक शून्य ठेवा एवढाच त्याचा मतलब, आणि ते सलग प्लेनवर आपोआप होतं. आख्खा बोर्ड उभा चिरा असं त्याने कुठेच लिहिलेलं नाही. ग्राउंड वेगळं करायची खरी गरज आयसोलेशनला असते, मेन्सची बाजू आणि हात लागणारी बाजू, आणि तिथे मग एकही ट्रेस ओलांडायचा नसतो, ऑप्टोकप्लर किंवा डिजिटल आयसोलेटरमधूनच जायचं. आणि कुणाला स्प्लिट ठेवायचाच असेल तर निदान ओलांडणारे सगळे ट्रेस ब्रिजवरूनच न्यावेत, हे तरी पाळावं.

दुसरं, तिसरा लेयरही ग्राउंड केला. पॉवर पहिल्या आणि चौथ्या लेयरवर रुंद पट्ट्यांनी फिरवली, एवढ्या करंटला स्वतंत्र प्लेन लागतच नव्हतं. आता सिग्नल पहिल्यावरून चौथ्यावर गेला तरी दोन्हीकडे ग्राउंडच, त्यामुळे सिग्नलच्या वायाला लागून एक ग्राउंडचा वाया टाकला की रिटर्नची सोय झाली, कॅपॅसिटरची भानगड नाही. वाया शेजारी का लागतो, तर १०० मेगाहर्ट्झला तांब्यात करंट ६.६ मायक्रॉनच आत शिरतो आणि प्लेन ३५ मायक्रॉनचं, म्हणजे प्लेनची वरची बाजू आणि खालची बाजू हे दोन वेगळे रस्ते आहेत, आरपार जाता येत नाही, भोकाच्या कडेनेच पलीकडे जायचं.

तिसरं, क्लॉकच्या सुरुवातीला ३३ ओहम आणि फर्मवेअरमध्ये त्या पिनचा स्ल्यू रेट (उडीचा वेग) एक पायरी कमी. हे जुन्या बोर्डवरही करून बघितलं होतं आणि फायदा झाला होता. नुसता क्लॉक ४० वरून २० केला तेव्हा मात्र वाटला तेवढा फरक पडला नाही, कारण एज तीच, हार्मोनिक तिथपर्यंत पोचतातच.

नवीन बोर्डमध्ये दोन्ही पीक मर्यादेच्या खाली गेले, केबलवर क्लॅम्प न लावता. वजनाचा आकडा रिफ्रेश चालू असताना आणि बंद असताना सारखाच राहतो, फिल्टर परत पहिल्यासारखा हलका केला, त्यामुळे काटा स्थिर व्हायलाही कमी वेळ लागतो.

लेआउट तपासताना अजून एक सापडलं ते राहून जायला नको. नवीन लेआउटच्या पहिल्या कॉपीत स्लॉट नव्हता, पण खाली प्रोग्रॅमिंगचा २.५४ मिमीचा हेडर होता आणि त्याच्या पिनांभोवतीची मोकळी जागा इतकी मोठी ठेवलेली की शेजारशेजारची भोकं एकमेकांना मिळून प्लेनमध्ये एक लांब चीर तयार झाली होती, कुणी न कापता. डीआरसी (लेआउटचे नियम तपासणारं सॉफ्टवेअर) यावर काही बोलत नाही, त्याच्या दृष्टीने सगळं नियमात आहे. क्लिअरन्स कमी केला, दोन पिनांमधून तांब्याची पट्टी जायला लागली. हे बघायचा उपाय एकच, फक्त प्लेनचा लेयर आणि फक्त वेगवान नेट (सिग्नलच्या जोडण्या) चालू ठेवायचे, बाकी सगळं लपवायचं, आणि प्रत्येक नेटवर बोट ठेवून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, खाली तांबं तुटतंय का बघत.

राहता राहिली फ्लॅट केबल. डिस्प्लेचा पिनआउट कंपनीकडून आलेला, बारा पिनांमध्ये ग्राउंड एकच आणि तोही कडेला, क्लॉक दुसऱ्या टोकाला. बोर्डवर कितीही नीट केलं तरी केबलमध्ये सगळ्या लाइनचा रिटर्न त्या एका तारेतून. पिनआउट आपल्या हातात नाही, म्हणून केबल आखूड केली आणि ती डब्याच्या आतल्या पत्र्याला चिकटून नेली, पत्रा कनेक्टरजवळच बोर्डच्या ग्राउंडला स्क्रूने जोडून. पुढच्या व्हर्जनला असा डिस्प्ले निवडायचा ज्यात क्लॉकच्या दोन्ही बाजूंना ग्राउंड पिन आहे, हे खरेदीवाल्यांच्या यादीत लिहून दिलंय, आता ते स्वस्तातला बघून परत तोच आणतात की काय ते बघायचं.